आधी माप, मग कानस: जुन्या आरएक्स-१०० चे इंजिन रेससाठी तयार करताना

जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलचे इंजिन उघडून बसलेल्या नवशिक्याच्या हातात पहिल्या तासाभरातच कानस येते आणि बहुतेक सिलिंडरांचा जीव त्याच तासात जातो. लोखंड कापता येते, परत लावता येत नाही. म्हणून या लेखात कापण्याच्या कृतीपेक्षा मापण्याच्या कृतीला जास्त जागा दिली आहे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात, घराच्या पडवीत किंवा एखाद्या ओळखीच्या गॅरेजात हे काम करू पाहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्यावी लागते. ती म्हणजे समुद्रसपाटीवरची दमट हवा, जी घाटावर शिकलेल्या मेकॅनिकच्या अंदाजांना दाद देत नाही.

गाडी कोणती आणि का

उदाहरणासाठी मी यामाहा आरएक्स-१०० घेतली आहे. एस्कॉर्ट्सने ती १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनवली. ५० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ५० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), ९८ सीसी, रीड व्हॉल्व्ह, चार गिअर आणि मिनिटाला ७,५०० फेऱ्यांना सुमारे ११ अश्वशक्ती असा तिचा साधा हिशेब आहे. जावा-येझदीवर प्रेम करणारे नाराज होतील, पण नवशिक्याने पहिला प्रयोग त्या गाडीवर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. म्हैसूरला बनलेल्या २५० सीसी जावाचा स्ट्रोक ७५ मिलिमीटरचा आहे. त्यामुळे ७,५०० फेऱ्यांवर तिच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८.७५ मीटर होतो, तर आरएक्सच्या पिस्टनचा तितक्याच फेऱ्यांवर १२.५ मीटर. म्हणजे आरएक्समध्ये फेऱ्या वाढवायला जागा शिल्लक आहे आणि लांब स्ट्रोकच्या जुन्या इंजिनात ती जवळजवळ संपलेली आहे. शिवाय आरएक्सचे सुटे भाग अजून मिळतात. जावाचा अस्सल ब्लॉक बिघडवला तर तो कायमचा गेला.

कायद्याचा भाग थोडक्यात पण काळजीपूर्वक वाचावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरेल असे बदल करता येत नाहीत, आणि कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०२१ मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. ज्याच्या घरी आजोबांची अशी गाडी असेल, त्याने तिच्या इंजिनाला हात लावण्यापूर्वी हा नियम आठवावा. यावरचा व्यवहार्य उपाय असा की रेसचे इंजिन वेगळे जमवावे, मूळ नंबराचे इंजिन तेल लावून बाजूला ठेवावे आणि तयार झालेली गाडी ट्रॅकपर्यंत छोटा हत्ती किंवा पिकअपमध्ये घालूनच न्यावी.

उघडण्याआधीची जमवाजमव

व्हर्निअर, फिलर गेज, स्टँडसह डायल गेज, ३६० अंशांची डिग्री डिस्क, इंजेक्शनची मोठी सिरिंज किंवा ब्युरेट, आणि मऊ सोल्डर तार एवढे सामान स्वतःचे असावे. बोअर गेज, क्रँक तपासायचे सेंटर आणि होनिंग (सिलिंडरची आतली भिंत दगडाने घासायचे) मशीन विकत घेण्यात अर्थ नाही. ती कामे टर्नरकडे करून घ्यावीत. रत्नागिरी, लोटे किंवा कुडाळच्या औद्योगिक वसाहतींत ओळख असेल तर ठीक, नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूरचे उद्यमनगर गाठावे. मात्र कोणतेही काम देताना 'बोअर करून द्या' एवढेच सांगू नये. कोणत्या पिस्टनला, किती क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांतली मोकळी जागा) ठेवून, कोणत्या टोकाला मोजून, हे कागदावर लिहून पिस्टनसकट द्यावे. अनेक चांगल्या कारागिरांना कोणी असे लिहून देत नाही, म्हणून ते रस्त्यावरच्या गाडीच्या सवयीने काम करतात. दोष त्यांचा नसतो.

एक वही ठेवावी. उघडताना सापडलेले प्रत्येक माप, बेसच्या (ब्लॉकखालच्या) पॅकिंगची जाडी, कार्बोरेटरच्या जेटचा (इंधन मोजून सोडणाऱ्या बारीक तोंडाचा) नंबर, टायमिंग, प्लगचा रंग हे सर्व त्याच दिवशी लिहावे, कारण पुढे जे काही बदलाल त्याची तुलना या मूळ आकड्यांशीच करावी लागते.

क्रँक आणि केस: न दिसणारी ताकद

नवशिक्याला पोर्टिंगची, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या (पोर्ट) कापून बदलण्याची, घाई असते, पण तीस वर्षे जुन्या इंजिनात पहिली गळती क्रँक केसमध्ये असते. टू-स्ट्रोकमध्ये केस हा पंप आहे. क्रँकची ऑइल सील कडक झाली असेल तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि मालक कार्बोरेटरला दोष देत बसतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या सील, दोन्ही मेन बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचे रोलर हे मोजून न पाहता बदलावेत. क्रँक सेंटरवर धरून डायल गेजने त्याचा डोल पाहावा, ०.०३ मिलिमीटरपेक्षा जास्त डोल असेल तर तो तांब्याच्या हातोडीने सरळ करणारा अनुभवी माणूस शोधावा, स्वतः ठोकू नये. फेऱ्या ७,५०० वरून १०,००० वर नेल्या की जडत्वाचा ताण वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट वाढतो. क्रँकपिनवर तो पडणारच असतो, फक्त तिथे आपले लक्ष नसते.

इंजिन बसवून झाल्यावर गळतीची परीक्षा घ्यावी. त्यासाठी रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि डायल उत्तम चालतो, मात्र पाऱ्याचे यंत्र घेऊ नये. एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि लोखंडी पट्टी घट्ट बसवावी, कार्बोरेटरच्या जागी नळी घातलेले रबरी बूच लावावे, पिस्टन खाली आणावा आणि हवा ३०० मिलिमीटरपर्यंत भरावी. काटा पाच-सहा मिनिटे जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. मिनिटाला पन्नासच्या आसपास पडत असेल तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत आणि ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. मिरकरवाड्यासारख्या बंदरांवर लहान होड्यांची आउटबोर्ड इंजिने दुरुस्त करणारे मेकॅनिक असतात. खाऱ्या हवेत सील आणि बेअरिंग कशी मरतात हे त्यांना मोटारसायकलवाल्यांपेक्षा जास्त ठाऊक असते, तेव्हा एखादी संध्याकाळ त्यांच्याजवळ बसून काढावी.

पोर्ट: डिग्री डिस्कवर शिकायचा धडा

डिग्री डिस्क क्रँकच्या टोकाला बसवून प्रथम खरा वरचा बिंदू शोधावा. पिस्टन वर गेलेला डोळ्यांना दिसतो तो क्षण खरा नसतो, कारण वरच्या टोकाला पिस्टन कित्येक अंश जवळजवळ हलतच नाही. प्लगच्या भोकात पिस्टनला अडवणारा बोल्ट घालून क्रँक हलक्या हाताने दोन्ही दिशांना अडेपर्यंत फिरवावा, दोन्ही आकडे लिहावेत आणि त्यांचा मध्य काढावा. तोच शून्य. त्यानंतर बोल्ट काढून क्रँक सरळ दिशेने फिरवत एक्झॉस्ट पोर्टची वरची कड पिस्टनने उघडू लागताच येणारा आकडा टिपावा. पोर्ट बंद होतानाचा आकडाही टिपावा आणि दोघांमधले अंतर म्हणजे ड्युरेशन. ट्रान्सफर पोर्टचेही (केसमधले ताजे मिश्रण वर नेणाऱ्या वाटांचेही) असेच मोजावे, आणि डावा-उजवा वेगवेगळा मोजावा.

आता एक हिशेब. कनेक्टिंग रॉडची लांबी दोन्ही भोकांच्या मध्यापासून समजा १०० मिलिमीटर भरली, तर ५० मिलिमीटर स्ट्रोकमध्ये पिस्टन वरून २८.२ मिलिमीटर खाली आल्यावर बरोबर ९० अंश होतात, म्हणजे तिथे उघडणाऱ्या एक्झॉस्टचे ड्युरेशन १८० अंश असते. पोर्टची कड ३०.३ मिलिमीटरवर असेल तर ते १७० अंश असते आणि २६ मिलिमीटरवर असेल तर १९० अंश. दहा अंशांचा फरक सव्वादोन मिलिमीटरच्याही आत संपतो. एका मिलिमीटरला साडेचार अंश! कानशीचे दहा-बारा जोरदार हात आणि शहरात चालणारे इंजिन फक्त वरच्या फेऱ्यांवर जागे होणारे होते. आपल्या रॉडचे माप वेगळे असेल तर आकडे थोडे सरकतील, म्हणून हिशेब स्वतः करावा.

एअर-कूल्ड शंभर सीसी इंजिनाच्या पहिल्या रेस-तयारीसाठी एक्झॉस्ट १८० ते १८५ अंश आणि ट्रान्सफर १२० ते १२५ अंश यापुढे जाण्याचे कारण नाही. अनुभवी लोक १९० च्या पुढे नेतात हे खरे, पण त्यांच्याकडे तसा सायलेन्सर, तशी गिअरची साखळी आणि हाताला लागलेला सराव असतो. एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंत जळालेला वायू निघून जायला मिळणारा अवकाश तीस अंशांच्या आसपास राहिला पाहिजे. तो कमी पडला की जळालेला वायू उलटा ट्रान्सफरमध्ये घुसतो. पोर्टची रुंदी, म्हणजे दोन कडांमधले सरळ अंतर, बोअरच्या ६५ टक्क्यांपेक्षा, अर्थात साडेबत्तीस मिलिमीटरपेक्षा, नवशिक्याने वाढवू नये. रिंग त्या खिडकीत फुगून अडकते आणि मग पिस्टन, रिंग, ब्लॉक एकदमच जातात. वरची कड सरळ चौकोनी न ठेवता किंचित कमानदार ठेवावी.

कापण्याआधी एक परतीचा प्रयोग करता येतो, जो फारसा कोणी सुचवत नाही. बेसला मूळपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅकिंग घातले की सगळा ब्लॉक वर उचलला जातो, एक्झॉस्टचे ड्युरेशन सव्वादोन अंशांनी वाढते, ट्रान्सफरचेही वाढते. हेडमधली फट वाढल्यामुळे कॉम्प्रेशन पडते हे खरे, तरी इंजिनाचा स्वभाव कोणत्या दिशेने बदलतो याचा अंदाज येतो, आणि आवडले नाही तर पॅकिंग काढून टाकता येते.

प्रत्यक्ष पोर्टिंग करताना ट्रान्सफरच्या आतल्या वळणांना हात लावू नये. फक्त ब्लॉक, पॅकिंग आणि केस यांच्या कडा एकमेकांशी जुळवाव्यात आणि ओतकामाचे खडबडीत तुकडे काढावेत. डावा ट्रान्सफर आणि उजवा ट्रान्सफर एकाच अंशावर उघडतील एवढे साधले तरी या इंजिनाला कारखान्यात मिळाली नव्हती ती शिस्त मिळते. पोर्टिंग झाल्यावर होनिंग करावे आणि सर्वांत शेवटी प्रत्येक पोर्टची धार बारीक दगडाने गोल करावी. ही शेवटची पायरी विसरली तर धारेवर रिंग कापली जाते.

हेड आणि फट

५० मिलिमीटरच्या बोअर-स्ट्रोकमध्ये पिस्टन ९८.२ सीसी जागा झाडतो. बारास एक कॉम्प्रेशन हवे असेल तर पिस्टन वर असताना शिल्लक जागा ८.९ सीसी हवी. अकरास एकसाठी ९.८ सीसी. ही जागा कागदावर नव्हे, सिरिंजने मोजायची असते. पिस्टन वरच्या बिंदूला आणून, कडेला थोडे ग्रीस लावून, प्लगच्या भोकातून आट्यांच्या खालच्या कडेपर्यंत रॉकेल आणि टू-टी ऑइलचे मिश्रण सोडावे आणि किती गेले ते वाचावे. पंपावरचे पेट्रोल आणि एअर-कूल्ड लोखंडी लायनर यांना बारापर्यंतचे गुणोत्तर पुरे आहे. त्यापुढे शक्ती थोडी आणि उष्णता फार वाढते.

फटीकडे मात्र जास्त लक्ष द्यावे. हेडच्या कडेचा सपाट पट्टा आणि पिस्टन यांच्यातले अंतर ०.८ ते १ मिलिमीटर असावे. सोल्डर तार पिस्टनपिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना ग्रीसने चिकटवून, हेड कसून, क्रँक एकदा फिरवून दाबली गेलेली तार व्हर्निअरने मोजावी. एका बाजूला ०.८ आणि दुसऱ्या बाजूला १.१ आले तर हेड किंवा ब्लॉक वाकडा आहे. फट मोठी असेल तर कडेला साचलेले मिश्रण मुख्य ज्वाळा पोचण्याआधी आपोआप पेटू शकते. पिस्टनच्या कडेवर वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे दिसतात ते त्याचेच.

पिस्टन

पिस्टन ०.२५ च्या टप्प्यांनी मोठे मिळतात. पण एक मिलिमीटर मोठा पिस्टन घातला की इंजिन १०२ सीसी होते, तेव्हा ज्या गटात उतरायचे त्याचा नियम आधी पाहावा. क्लिअरन्स पिस्टनच्या घागऱ्याला, उत्पादक सांगेल त्या उंचीवर मोजून, रेससाठी ०.०५ मिलिमीटरच्या आसपास ठेवावा आणि उत्पादकाने दिलेला आकडा वेगळा असेल तर तोच पाळावा. रिंगचे टोक-अंतर ०.२ मिलिमीटरच्या खाली नको. रिंगची टोके अडवणारी पिन पोर्टच्या खिडकीसमोर येत नाही ना, हे ब्लॉकमध्ये पिस्टन घालून डोळ्यांनी पाहावे.

सायलेन्सर

टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे, हे वाक्य प्रत्येक मेकॅनिक म्हणतो. त्याचा हिशेब मात्र क्वचित कोणी करतो. पोर्ट उघडताच निघालेली दाबाची लाट मागच्या निमुळत्या शंकूवर आपटून परत येते आणि बाहेर सांडलेले ताजे मिश्रण पोर्ट बंद होण्याआधी आत ढकलते. ती वेळेवर यायला हवी. गरम वायूत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५१० मीटर धरला, तर पिस्टनपासून मागच्या शंकूच्या मध्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये असे निघते: ४२,५०० गुणिले एक्झॉस्टचे ड्युरेशन, भागिले इच्छित फेऱ्या. ड्युरेशन १८० आणि फेऱ्या ९,५०० घेतल्या तर उत्तर सुमारे ८०५ मिलिमीटर येते. लांबी वाढवली की ताकद खालच्या फेऱ्यांकडे सरकते. म्हणून पहिला सायलेन्सर हिशेबापेक्षा पंधरा-वीस मिलिमीटर लांब करावा आणि पुढच्या पाइपाच्या जोडात सरकवायची सोय ठेवावी. एक मिलिमीटरचा पत्रा शंकूंच्या आकारात कापून वळवायचा आणि गॅस वेल्डिंगने जोडायचा, हे काम गावातला चांगला वेल्डर करतो, फक्त कागदी नमुना आपण नेमका कापून द्यावा लागतो. आतल्या बाजूला वेल्डिंगचे गोळे राहू देऊ नयेत.

कार्बोरेटर आणि किनाऱ्यावरची हवा

हा भाग मी स्वतः नुकसान करून शिकलो. डिसेंबरात एका दुपारी घाटावरच्या एका गॅरेजात माझ्या इंजिनाचे जेट लावून झाले. प्लगचा रंग सुंदर, आवाज कोरडा, मेकॅनिक खूश. दुसऱ्या दिवशी पहाटे मित्राच्या आंबाबागेतल्या खासगी रस्त्यावर गाडी जेमतेम तिसऱ्या गिअरमध्ये गेली असेल, तोच पिस्टनने ब्लॉक पकडला. कोणाचीच चूक नव्हती, हवा बदलली होती.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. दुपारच्या तिशीच्या तापमानातून पहाटेच्या विशीत आले की हवा आणखी साडेतीन टक्क्यांच्या जवळपास घट्ट होते. कार्बोरेटर हवेच्या घनतेतला हा फरक पूर्ण भरून काढत नाही, निम्माच भरतो. म्हणजे एकूण जवळपास दहा टक्के घट्ट हवेत मिश्रण पाचेक टक्के पातळ होते. रस्त्यावरच्या गाडीला ते कळणारही नाही. शेवटच्या नंबरापर्यंत जेट कमी केलेल्या रेसच्या इंजिनाला एवढ्याने पिस्टन गमवावा लागतो. उलट दिशेने चूक केली, किनाऱ्यावर लावून वर नेले, तर इंजिन जाड चालेल, धूर काढेल, पण वाचेल. म्हणून नियम असा: जेट किनाऱ्यावरच लावावेत आणि थंड पहाटे लावावेत.

मे महिन्याच्या अखेरीस हवेत पाणी येते तेव्हा उलटे घडते. तीस अंशांना ऐंशी टक्के आर्द्रता म्हणजे हवेचा तीन टक्क्यांहून अधिक भाग नुसती वाफ. ती प्राणवायूची जागा अडवते, मिश्रण जाड होते आणि गाडी सुस्तावते. अशा वेळी जेट लहान करण्याचा मोह होतो. केलाच तर वहीत तारीख आणि तापमानासह लिहावे आणि कोरडी थंडी सुरू होताच जुना जेट परत घालावा. बंदिस्त सर्किटसाठी आपल्याला बहुधा चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइंबतूरचे कारी मोटर स्पीडवे गाठावे लागते. पहिले किनारपट्टीच्या सखल मैदानात आहे, त्यामुळे आपल्याकडचे जेट तिथे फारसे चुकत नाहीत. कोइंबतूर सुमारे चारशे मीटरवर आहे, तिथे एखादा नंबर कमी करून पाहायला हरकत नसते.

आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते, सुमारे सात-आठ टक्के. जुन्या पुस्तिकेतला जेट नंबर म्हणून जसाच्या तसा घेऊ नये. इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते. आपल्याकडच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनाभर ठेवली तर तळाशी पाणी-इथेनॉलचा वेगळा थर बसू शकतो, आणि त्यात ऑइल नीट मिसळत नाही. रेसचे पेट्रोल आदल्या दिवशी भरावे, त्याच दिवशी मिसळावे, उरलेले काढून टाकावे.

ऑइलचे प्रमाण पंचवीसास एक, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर ठेवावे. ऑइल वाढवले की त्या जेटमधून जाणारे पेट्रोल तितके कमी होते आणि मिश्रण पातळ होते. 'सुरक्षेसाठी थोडे जास्त ऑइल' घालणाऱ्याला हे उलटे वाटते. मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनाला थ्रॉटल बंद असताना ऑइलही मिळत नाही, त्यामुळे ट्रॅकवर लांब सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक मारताना क्लच दाबावा किंवा थ्रॉटल क्षणभर उघडून द्यावा.

जेट लावण्याची पद्धत अशी. हमखास जाड वाटेल असा मेन जेट घालावा, इंजिन पूर्ण तापवावे, पूर्ण थ्रॉटलवर सरळ रस्ता संपेपर्यंत न्यावे, आणि थ्रॉटल तसाच ठेवून एकाच वेळी किल स्विच (इंजिन बंद करायचे बटण) आणि क्लच दाबावा. प्लग काढून चिनी मातीच्या अगदी मुळाशी, भिंगाने पाहावे. वरच्या टोकाचा रंग फसवतो. मुळाशी काळसर कडे दिसले पाहिजे. जेट कमी करत जाताना ते नाहीसे झाले तर दोन नंबर मोठा जेट. मधल्या थ्रॉटलला सुईची क्लिप, सुरुवातीला पायलट जेट, पण ही दोन्ही मेन जेट ठरल्यावर.

इग्निशन आणि प्लग

१०० मिलिमीटरच्या रॉडला वरच्या बिंदूच्या आधी २० अंश म्हणजे पिस्टनची १.८७ मिलिमीटर उंची, आणि १७ अंश म्हणजे १.३६ मिलिमीटर. कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनाला टायमिंग पुढे न्यायचे नसते, दोन-तीन अंश मागे आणायचे असते. प्लग एक पायरी थंड घ्यावा. इथे नवशिके नेहमी फसतात, कारण एनजीकेचा नंबर वाढला की प्लग थंड होतो आणि बॉशचा नंबर वाढला की गरम.

पहिले तास आणि ट्रॅकवर उतरताना

इंजिन सुरू करून सिलिंडरवरचे पंखे (फिन) हाताला गरम लागेपर्यंत चालवावे आणि पूर्ण थंड होऊ द्यावे; असे तीनदा. त्यानंतर हेडचे नट परत कसावेत. पहिला अर्धा तास अर्ध्या थ्रॉटलवर, एकाच वेगावर न रेंगाळता. जुन्या ड्रम ब्रेकचे शू आणि ब्रेकच्या केबल नव्या घालाव्यात, टायर नवे घ्यावेत. हा खर्च पिस्टनच्या खर्चाआधी करायचा असतो, पण सगळेच तो नंतर करतात.

शर्यतीचा परवाना फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो. त्या त्या शर्यतीचे नियमपुस्तक आधी मागवावे. ऑइलच्या ड्रेन बोल्टला तार बांधणे, स्टँड आणि आरसे काढणे, मनगटाला दोरीने बांधलेला किल स्विच अशा गोष्टी तपासणीत पाहिल्या जाऊ शकतात, आणि त्यात अडकलेल्याला सरावाचे सत्र परत मिळत नाही.

पावसाळ्यात ठेवताना

होनिंग केलेला लोखंडी लायनर आपल्याकडे एका रात्रीत तांबूस होतो. गरम पाणी आणि साबणाने घासून, पांढऱ्या कापडाला डाग लागेनासा झाला की त्याच मिनिटाला ऑइल लावावे. मोसम संपल्यावर, जूनच्या पहिल्या सरीच्या आत, कार्बोरेटर रिकामे करावे, प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडावे, क्रँक चार-पाच वेळा हाताने फिरवून प्लग परत लावावा, आणि एक्झॉस्ट तसेच कार्बोरेटरचे तोंड ऑइलमध्ये भिजवलेल्या फडक्याने बंद करून त्यावर ठळक चिठ्ठी बांधावी, कारण ऑक्टोबरात ते फडके आत विसरून किक मारणारा मी एकटाच नसेन. दर पंधरवड्याला क्रँक थोडा फिरवून पिस्टन वेगळ्या जागी थांबवावा, म्हणजे रिंगखाली एकाच रेषेत गंज धरत नाही.